सिकलसेल समुपदेशक ताईंस आभाराचे पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या मुलाच्या आजाराचे निदान डॉक्टरांनी केले आणि उपचारही त्यांचेच चालू आहेत. त्यांचे ऋण आहेच. हे पत्र मात्र आपल्याला लिहिते आहे, कारण त्या निदानाचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळेपर्यंत आपण आमचा पिच्छा सोडला नाही. नागपूरला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. शुक्ला आणि सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच प्रसिद्ध झाला होता. तरीही आमच्यासारख्या घरांत हा आजार कधी काविळीच्या, कधी वाताच्या, तर कधी नुसत्या अशक्तपणाच्या नावाने वावरत राहतो, म्हणून पत्र सर्वांसमोर ठेवावेसे वाटले.

बाळ आठ महिन्यांचे असताना त्याच्या हातापायांची बोटे सुजली, तेव्हा कुठेतरी मार लागला असेल असे समजून तेल-मालीश झाली. पुढे डोळे वरचेवर पिवळे दिसू लागले आणि कावीळ उतरवून घेण्याचे सल्ले येऊ लागले. या सुट्या सुट्या तक्रारी एकाच धाग्यात आपण ओवून दाखवल्या. जन्मानंतरचे काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाला सांभाळते, ते ओसरू लागले की लक्षणे दिसू लागतात. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की सूज आणि वेदना होतात. आणि निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगत असताना या पेशी १० ते २० दिवसांतच फुटत असल्याने रक्त कमी होते व डोळ्यांत पिवळेपणा उतरतो. घरात रक्तवाढीसाठी आणून ठेवलेली लोहाची बाटली आपण हातात घेऊन पाहिली आणि लोह कमी असल्याचे तपासणीत दिसल्याशिवाय ती देऊ नका, असे स्पष्ट सांगितले.

सिकलसेलसाठी आधी केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी कशी असते, हे आपण प्रयोगशाळेतील ताईंच्या परवानगीने प्रत्यक्षच दाखवले. द्रावणात रक्ताचा थेंब मिसळला, काही मिनिटांनी त्या नळीमागे काळ्या ओळींचा कागद धरला, आणि एका नळीतून ओळी स्वच्छ दिसत असताना आमच्या मुलाच्या नळीतून त्या दिसेनाशा झाल्या. तेव्हाच आपण बजावले की ही चाचणी फक्त ‘एस’ म्हणजे सिकलसेलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते, मूल वाहक (दोष एकाच पालकाकडून आलेले, स्वतः आजारी नसलेले) आहे की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी, करावी लागते. वाहकाच्या रक्तात ‘ए’ म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन ‘एस’पेक्षा जास्त असते, तर आमच्या अहवालात ‘ए’ जवळजवळ नव्हतेच. गेल्या तीन महिन्यांत त्याला रक्त चढवले होते का, हे आपण नमुना घेण्याआधी दोनदा विचारले होते. दुसऱ्याचे रक्त अंगात असताना अहवाल फसवा येऊ शकतो, हे तेव्हा कळले.

पण आभार मानायचे ते मुख्यतः यापुढच्या गोष्टीसाठी. माझा अहवाल वाहक असा आला आणि ‘हे माहेरकडूनच आले’ असे नात्यातून ऐकू येऊ लागले. आपण यांची तपासणी होईपर्यंत थांबलात आणि मग आम्हा दोघांना सासूबाईंसह समोर बसवलेत. केसपेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन वर्तुळे काढून आपण सासूबाईंनाच विचारले की, एक जनुक आईचे आणि एक वडिलांचे मिळाल्याशिवाय हा आजार होतो का? आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. चिठ्ठी दर वेळी नव्याने उचलली जाते, पहिले मूल आजारी म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही. सासूबाई त्या कागदाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यानंतर घरात माहेरचा विषय निघाला नाही. औषधाच्या चिठ्ठीवर याची नोंद कुठेही नसते.

वेदनांचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी नियमित चालू आहे आणि तिच्यासाठी ठरलेल्या रक्ततपासण्याही होतात. प्लीहा (पाणथरी) वाढली आहे का, हे डाव्या बरगडीखाली बोटे ठेवून कसे पाहायचे ते आपण माझा हात धरून शिकवले. पोट डाव्या बाजूने अचानक फुगले आणि मूल पांढरे पडले, ताप चढला, छातीत दुखून धाप लागली किंवा हातापायातली शक्ती गेली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, हे आता आजीलाही पाठ आहे. आपल्या उन्हाळ्यात पाण्याची बाटली त्याच्या हाताशी असते, आणि घामेजल्या अंगाने तो कूलरसमोर बसला की सगळे एकदमच ओरडतात!

एक विनंती आहे. धाकट्या दिरांचे लग्न ठरत आहे आणि तेही वाहक आहेत. वधू-वर दोघेही वाहक असले म्हणून लग्न मोडा, असे आपण कधीच म्हटले नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते, हे आपल्याकडूनच कळले होते. मुलीकडचे लोक तपासणीला तयार झाले आहेत. अहवाल हाती आले की दोन्ही घरची मंडळी आपल्याकडे येतील, त्यांना थोडा वेळ द्यावा.

आपली कृतज्ञ,
एका सिकलसेल रुग्णाची आई, नागपूर