पुण्यातल्या वेताळ टेकडीवर कॉसमॉस उपटणाऱ्यांना

प्रिय टेकडीकरांनो,

तुमच्यातल्या बहुतेकांची नावं मला माहीत नाहीत. पण चेहरे ओळखीचे झालेत. पावसाळ्यात रविवारी सकाळी रिकामी पोती खांद्यावर टाकून वर चढणारा तुमचा घोळका दिसला की बरं वाटतं. तुमचे आभार मानायचे कधीचे राहून गेले होते.

टेकडीवर झाड लावणाऱ्याचं सगळे कौतुक करतात, उपटणाऱ्याला मात्र थांबवून जाब विचारतात. त्यात तुम्ही उपटता कॉसमॉस! पाऊस ओसरताना उतारच्या उतार केशरी करून टाकणारं, फोटोत देखणं दिसणारं झाड. "अहो, एवढी छान फुलं का तोडताय?" हे तुम्हाला किती जणांकडून ऐकावं लागतं, ते मी पाहिलंय. दर वेळी तुमच्यातलं कुणीतरी कंबर सरळ करतं आणि न वैतागता पहिल्यापासून सांगायला लागतं. हे मूळचं मेक्सिकोकडचं. बागेत शोभेसाठी आणलं आणि कुंपणाबाहेर पडलं. दाट माजतं, ऊन अडवतं, मग खाली कुसळी, कुरडू, तेरडा यांना जागाच उरत नाही. आणि गवत गेलं, तर गवताच्या आडोशाला जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाने कुठे जायचं? विचारणारा कधी पटून जातो, कधी मान हलवत निघून जातो. तुम्ही पुन्हा वाकता. उपटण्याच्या कष्टाइतकेच मला या समजावण्याचे आभार मानायचे आहेत.

कामातली तुमची शिस्तही मी लांबून पाहत आलो आहे. पावसाने माती मऊ असते आणि रोपं फुलावर आलेली नसतात, तेव्हाच तुम्ही ती मुळासकट काढता. झेंडूसारख्या पानांची ही रोपं गवतातून नेमकी वेचता, शेजारच्या कुरडूला धक्का लावत नाही. उशीर झालाच, तर उपटलेली झाडं तिथेच टाकून न देता फुलोरे पोत्यात भरता, कारण उपटल्यावरही त्यात बी पिकू शकतं. ते काळं, लांबट, टोकाला आकडे असलेलं बी चालणाऱ्यांच्या पँटला चिकटून पुढच्या वाटेवर पोचतं. मातीत पडलेलं बी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रुजतं, म्हणून साफ केलेल्या जागीही तुम्ही दर वर्षी परत येता. ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

पुण्याला तर याचं मोल जास्त कळायला हवं. गाजरगवत हेही असंच बाहेरून आलेलं तण. त्याची भारतातली सुरुवातीची ठळक नोंद १९५०च्या दशकात याच शहरात झाली. आज ते देशभर पसरलंय आणि त्याने अंगाला खाज सुटणारी, दमा बळावणारी माणसं गावोगावी आहेत. पसरायच्या आधी रोखणं किती स्वस्त पडलं असतं!

माझ्या मुलीला आता कुसळीचं गवत ओळखता येतं. कुरडूची कोवळी पानं भाजीला चालतात, हेही तिला तुमच्यातल्याच एका काकूंनी वाटेत थांबून सांगितलं. मी एवढी वर्षं टेकडीवर चालतोय, पण पायाखालच्या झाडोऱ्याची अशी ओळख मला कुणी करून दिली नव्हती. त्या काकूंना माझा वेगळा नमस्कार सांगा.

आमची सोसायटी पायथ्याशीच आहे. हातमोजे, पोती, खुरपी ठेवायला तळमजल्यावरची खोली द्यायचं आम्ही ठरवलंय आणि पिण्याच्या पाण्याची सोयही करतोय. दर आठवड्याला सगळं सामान घरून वाहून आणायला नको. जूनच्या पहिल्या पावसानंतर आमच्यापैकी काही जण तुमच्यासोबत येणार आहेत. कुठली रोपं उपटायची आणि कुठली राखायची, ते तेवढं आधी दाखवून द्या.

तुमचा,
टेकडीच्या पायथ्याचा एक रहिवासी