मोठ्या प्लॅनने लॅग जात नाही

संपादक महोदय,

शाळांना सुट्टी लागली की मुंबईच्या सोसायट्यांमधून ‘गेम अडकतो’ ही तक्रार वाढते आणि नेटवाल्याचे उत्तर ठरलेले असते : ‘वरचा प्लॅन घ्या.’ पैसे जातात, लॅग तिथेच. मुळात बहुतेक शूटर गेम एका एमबीपीएसमध्ये भागतात. त्यांना पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) वेळेवर लागते, एवढेच.

घात होतो अपलोडच्या रांगेत. समजा, अपलोड १० एमबीपीएस आहे आणि घरातल्या एखाद्या मोबाइलने लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला घेतले. बफरमध्ये, म्हणजे पाठवायची माहिती थांबते त्या जागेत, २५० किलोबाइट तुंबले, तर ते निघायला २०० मिलिसेकंद लागतात. गेमचे शे-दोनशे बाइटचे पॅकेट तोवर मागे ताटकळते. खात्री करायची तर संगणक केबलने राउटरला जोडा (वायफायवर शेजाऱ्यांची गर्दीही मोजली जाते), पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात, ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि मोबाइलवरून मोठी फाइल चढवा. आठ-दहावरचा आकडा दोनशेवर उडाला, तर दुरुस्ती रांगेची करायची.

त्यासाठी एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) असलेला राउटर घ्यावा. त्यात ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ ही रांग लावायची पद्धत निवडून अपलोड-डाउनलोडची मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के भरावी. दहाचे नऊ करणे लोकांच्या जिवावर येते. पण त्यामुळेच रांग कंपनीच्या उपकरणातून आपल्या राउटरमध्ये येते आणि तिथे तिला शिस्त लावता येते. मर्यादा न भरता नुसते ‘गेमिंग मोड’चे बटण दाबले, तर ते बहुधा शोभेचेच. राउटरचा प्रोसेसर मात्र दमदार हवा, नाहीतर ३०० एमबीपीएसची लाइन निम्म्यावर येते.

कंपनीने जादा पैसे घेऊन गेमला पुढे काढावे, ही मागणी कोणी करू नये. दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये स्वीकारलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या (नेटवरच्या सगळ्या माहितीला सारखी वागणूक देण्याच्या) तत्त्वांत ते बसत नाही.

आता पोर्ट, म्हणजे राउटरमधून आत यायची क्रमांक दिलेली दारे. एक्सबॉक्सवर एनएटी (एका आयपी पत्त्यावर घरातली अनेक उपकरणे चालवणारी राउटरची सोय) ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे बाहेरची पॅकेट अडवणारा, दिसला की यूडीपी ३०७४ हे पोर्ट उघडायची घाई होते. आधी डीएचसीपीत (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या राउटरच्या सोयीत) कन्सोलचा पत्ता कायम करा. नाहीतर वीज जाऊन आली की तोच पत्ता टीव्हीला मिळतो आणि पोर्टचा नियम टीव्हीकडे बोट दाखवत राहतो. त्याहीआधी राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) पानावरचा आयपी पाहा. १९२.१६८ने सुरू होत असेल, तर बहुधा कंपनीचा डबाही राउटरचे काम करतो आहे. तो ब्रिज मोडवर (राउटरचे काम सोडून नुसती लाइन पुढे देईल असा) टाकून घ्या. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एक सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, बाहेरचे पॅकेट तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही; तिथे पोर्ट उघडून उपयोग शून्य. सार्वजनिक आयपी मागून घ्यावा, किंवा गेमला चालत असेल तर आयपीव्ही-६ (भरपूर पत्ते असलेली नवी पत्तापद्धत) वापरावे.

ही माहिती ग्राहकाला कनेक्शन घेतल्यावर कळते, हे चूक आहे. जाहिरातीत डाउनलोडचा आकडा ज्या टायपात छापतात, त्याच टायपात अपलोडचा आकडा आणि सार्वजनिक आयपी मिळतो की नाही, तेही कंपन्यांनी छापावे.

— एक नेटवर्क तंत्रज्ञ, गोरेगाव