पदव्या मोजल्या, काम राहिलं

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन यांच्यावर अख्खं पान दिलंत, त्याबद्दल अभिनंदन. ऑल्बनीला पीएचडी, मग इलिनॉय, १९९१ ला शिकागो, २००३ पासून हार्वर्ड, २०११ ला स्टॉकहोमचं गुन्हेशास्त्राचं बक्षीस, कोणती खुर्ची कधी मिळाली ते पाठ झालं बाप्पा. पण या माणसाने शोधलं काय हे शेवटी कुठंतरी दीड ओळीत.

अहो, शिकागोचं काम तरी धड सांगायचं. ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ लोकांना विचारलं, की पोरं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी दिसली, मोठ्यांना उलट बोलली, भिंती खराब करायला लागली तर शेजारपाजारचे काही करतील का? जवळचं फायर स्टेशन बंद करायला निघाले तर करतील का? जिथले लोक हो म्हणाले तिथे मारामाऱ्या-खून कमी निघाले, गरिबी हिशोबात धरूनसुद्धा. हे १९९७ ला 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात छापून आलं. गरिबी आणि सारखी घरं बदलणारी माणसं यामुळे हा शेजारधर्म पोखरला जातो हेही त्यांनीच दाखवलं, पण गरीब वस्ती म्हणजे गुंडांची वस्ती असं काही नाही.

हे तुम्हालाच काहून सांगतो, तर मागे आमच्या मागच्या नाल्यात बॉडी सापडली तेव्हा तुमच्या पेपरात आमच्या गल्लीचा मोठा फोटो आणि वर 'गुन्हेगारांचं माहेरघर'. मारणारे बाहेरचे, मेलेला बाहेरचा, फक्त नाला आमचा! फोटोत काकाजींचं दारही स्पष्ट दिसत होतं. हे काकाजी एम्प्रेस मिलमधले जुने कामगार, सकाळी पानठेल्यावर युनिफॉर्म घातलेला पोट्टा दिसला की "कोणत्या शाळेचा बे तू?" म्हणून त्याला गेटपर्यंत सोडून येणार. एकदा एकाचा बाप भांडायला आला, तुम्ही कोण विचारणारे म्हणून, तर गल्लीतल्या बायाच बाहेर आल्या आणि त्याला गाडी वळवायला लावली. त्या प्रोफेसरसाहेबांचा अख्खा अभ्यास आमच्या पानठेल्यावर फुकटात चालू होता, तुमच्या फोटोग्राफरला फक्त नाला दिसला. खुलासा छापलात म्हणा, निविदा सूचनांच्या खाली, भिंगातून दिसेल एवढा.

त्याचं पुढं काय झालं ते ऐका. पुतण्याच्या लग्नाची बोलणी जवळपास पक्की होती, पोरगा पर्मनंट नोकरीवाला, आणि मुलीच्या मामाजींनी खिशातून मोबाईल काढून तोच फोटो समोर धरला. "तुमचा एरिया तर असा आहे." मी खुलासा दाखवला तर म्हणाले, हा तर आम्ही वाचलाच नाही. पोहे तसेच राहिले, सोयरीक गेली. याच सॅम्पसन यांनी जॉन लॉब या सहकारी संशोधकासोबत हार्वर्डच्या तळघरात पडलेल्या जुन्या फायली काढून बोस्टनच्या ५०० वाया गेलेल्या आणि ५०० साध्या पोरांचा अभ्यास केला, वाया गेलेल्यांतली बरीच चांगल्या लग्नाने, नोकरीने, सैन्यात जाऊन मार्गी लागली असं निघालं. आमच्याकडे उलटं, मार्गी लागलेल्या पोराचं लग्न तुम्ही मोडलं.

आता शहराला 'क्राईम कॅपिटल' म्हणायची तुम्हाला हौसच आहे, म्हणा. पण पुढच्या वेळी वस्तीचं नाव मथळ्यात टाकायच्या आधी वार्ताहराला एकदा सकाळी गल्लीत पाठवा, रात्री नाही. चहा आमच्याकडून.

आणि हो, बक्षीस योजनेचं कुपन त्याच पानाच्या मागे छापायची काय गरज होती? आमच्या घरच्यांनी ते सकाळीच कापलं, त्यात हार्वर्डनंतरचा सगळा मजकूर गेला, मला शेजाऱ्यांचा पेपर मागून वाचावा लागला. मागच्या योजनेतली बादलीही अजून मिळालेली नाही, एजंट फोन उचलत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार, नागपूर