उद्यान आमचं, मग गेटवर मोबाईल नंबर कशाला?

संपादक महोदय,

काल तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या उद्यानाच्या कायापालटाची बातमी वाचली अन् तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. कारंजी, सेल्फी पॉइंट, कॅमेरे सगळं छापलं, पण उद्यान चालवायला खासगी कंत्राटदार आल्यापासून मोबाईल नंबर अन् ओटीपी दिल्याशिवाय आत सोडत नाहीत, यावर एक ओळ नाही.

माझी आई वर्षानुवर्षं सायंकाळी तिथे जाते. चार-पाच जणी कडुलिंबाखाली बसून हळू आवाजात भजनं म्हणतात. मागच्या आठवड्यात खांबावरच्या स्पीकरमधून आवाज आला, "हिरव्या साडीवाल्या मावशी, ग्रुपने बसायचं नाही, उठा." बोलणारा कोण, कुठून पाहून राहिला, काहीच दिसत नाही. सगळे वळून पाहायला लागले, आई एवढी ओशाळली की चपला हातात घेऊनच निघाली. त्याआधी चिवड्याचा डबा उघडला तर गार्ड धावत आला होता, बाहेरचं खायला मनाई, आतल्या स्टॉलवरून घ्या म्हणे. पासष्टीच्या बाईशी असं वागतात का हो?

अन् तो नंबर कुठे जातो? आईचा नंबर घरच्यांशिवाय कोणाकडे नव्हता, गेटवर दिला अन् दुसऱ्याच दिवसापासून वर्धा रोडवरच्या लेआउटमधले प्लॉट घ्या म्हणून फोन सुरू झाले. गेटवर जाऊन विचारलं तर उत्तर मिळालं, "ऑफिसला विचारा." ऑफिस कुठे आहे ते कोणी सांगत नाही.

कॅमेऱ्यांना माझा विरोध नाही. स्मार्ट सिटीचे साडेतीन हजारांच्या वर कॅमेरे शहरात आहेतच, पण तिथे निदान माहिती अधिकारात अर्ज तरी टाकता येतो. इथलं फुटेज कोण पाहतं, किती दिवस ठेवतात? खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने सांगितलं, 2023 मध्ये संसदेने डेटा संरक्षणाचा कायदाही केला. मग उद्यानात पाय ठेवायला ओटीपी कोणत्या नियमाने मागता? आपल्याच नागपुरातलं अंबाझरी उद्यान खासगी कंपनीकडे गेलं अन् 2021 मध्ये तिथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडलं गेलं, त्याविरोधात लोकांना रस्त्यावर यावं लागलं. तेवढं होऊनही आपण काहीच शिकलो नाही का?

माझी मागणी एवढीच, उद्यानाचा करारनामा मिळवून तुमच्या पेपरात पूर्ण छापा, दंड किती, अटी काय, सगळं. नंबर घेणं बंद करा अन् आतापर्यंत घेतलेले नंबर पुसून टाका. अन् एक राहिलंच, तिथल्या बायकांच्या शौचालयाला दिवाळीपासून कुलूप आहे. चावी गार्डकडे, अन् गार्ड म्हणतो साहेबांकडे. तुमच्या बातमीत ते शौचालय 'सुसज्ज' आहे, तेवढं तरी बातमीदाराला स्वतः जाऊन बघायला सांगा.

— एक त्रस्त वाचक, पश्चिम नागपूर