मोडीच्या वाटेवर भेटलेल्यांचे आभार

वयाच्या ५८व्या वर्षी, हिशेबनिसाची नोकरी संपल्यावर, मी मोडी लिपी शिकायला घेतली. आज इंदूरमधील काही मराठी घरांतील जुनी कागदपत्रे मी देवनागरीत उतरवून देतो, आणि याचे श्रेय ज्यांनी आपली नावे जाहीर करू नयेत असे सांगितले त्या माणसांचे आहे.

मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहितात, लेखणी शक्यतो उचलत नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे पहिले तीन महिने मला एक ओळसुद्धा सलग लागत नव्हती. तेव्हा ग्रंथालयात शेजारी बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी सुचवले की पत्राचा मायना आणि शेवट ठरावीक असतो, तिथून आत शिरावे. त्या एका सूचनेने माझी वाट मोकळी झाली.

राजवाड्याजवळ राहणाऱ्या एका आजींनी, १९४८ मध्ये होळकर संस्थान मध्य भारतात विलीन होण्यापूर्वीची आपल्या सासऱ्यांची पत्रे केवळ विश्वासावर माझ्या हाती दिली. (मूळ कागद परक्याला देणे ही लहान गोष्ट नव्हे.) माझ्या नातीच्या वयाच्या एका मुलीने दर रविवारी, न कंटाळता, माझ्या चुका दुरुस्त केल्या, तिला मी गुरूच मानतो.

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आजींची पत्रे लिप्यंतरासह परत पोहोचली आहेत. ग्रंथालयातील ते गृहस्थ अलीकडे दिसले नाहीत, कोणाला भेटल्यास त्यांना माझा नमस्कार सांगावा.