ओढ्याचा सातबारा कुठं असतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूरहून निघालेल्या आमच्या रस्त्यावरच्या गावांत आता एकराचा भाव कुणी विचारत नाही, गुंठ्याचा विचारतात. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. दोन खोल्या, एक बोअर, झालं. जिरायत शेतजमिनीचा 20 गुंठ्यांच्या आतला तुकडा खरेदीखतानं विकता येत नाही, म्हणून बॉण्डवर, म्हणजे नुसत्या स्टॅम्प पेपरवर लिहून विकतात. सातबारा जुन्या मालकाचा, घर नव्याचं. ते बेकायदा आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं.

माझं दुखणं मात्र कायदेशीर प्लॉटिंगचं आहे. माझ्या बांधाला लागून मागच्या वर्षी रीतसर एनए, म्हणजे बिगरशेती झालं. कागद मी स्वतः पाहिले, खोट काढता आली नाही. प्लॉटवाल्यानं मधल्या ओढ्यात मुरूम ओतला, एक फुटी सिमेंटचा पाइप टाकला आणि वरून रस्ता काढला. सप्टेंबरच्या पावसात पाणी पाइपात मावेना. बांध फोडून ते माझ्या सोयाबीनमध्ये शिरलं, चार दिवस हललं नाही. भरलेल्या शेंगांना झाडावरच मोड आले. पंचनाम्यात कारण लिहिलं : अतिवृष्टी.

1966 चा महसूल कायदा जमिनीकडं गट नंबरानं बघतो. माझा गट, शेजाऱ्याचा गट. मधून वाहणारं पाणी कुणाच्याच अर्जात येत नाही. शहराला विकास आराखडा असतो, आमच्या गावाला नाही. प्रादेशिक योजना जिल्ह्याच्या मापाची; तिच्यात आमचा ओढा असलाच तर केसाएवढी रेघ.

जुन्या गाव नकाशात मात्र ओढे, शिवरस्ते, पांदण सगळं आहे. कुठलाही लेआउट मंजूर करण्याआधी तो नकाशा ग्रामसभेत मांडा, ओढ्याची रुंदी जागेवर मोजून खुणा रोवा. ग्रामसभेत प्लॉटवाल्याचेच भाऊबंद बसतात हे मान्य. पण निदान चार माणसांदेखत ओढा बुजवावा लागेल. आणि आधी रस्ते आखून मग घरं बांधणं आमच्याच जिल्ह्यात झालेलं आहे, 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी भागातल्या पुनर्वसित गावांत.

मृग तोंडावर आलाय. पाइप तोच आहे.

— एक शेतकरी, जि. लातूर