आण्णांना ही रिस्लिंग चाखवायचीय

मित्रा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, त्यात मागे आण्णांचा आवाज येतोय, "उणे वीसात द्राक्षाची वेल जगेलच कशी?" प्रश्न एकदम बरोबर आहे त्यांचा, म्हणून आज निवांत बसून लिहितोय.

परवा आम्ही दोघं इथल्या, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून निघालो आणि तासाभरात सेनेका तळ्याच्या पश्चिम काठावर एका छोट्या वायनरीत पोचलो. नवरा-बायको आणि एक मदतनीस, बस, एवढीच माणसं. हे तळं सहाशे फुटांहून खोल आहे रे, त्यामुळे हिवाळ्यात क्वचितच गोठतं, उन्हाळ्यात साठवलेली ऊब थंडीभर काठावरच्या बागांना देत राहतं, आणि वसंतात उलट पाणी गार असतं म्हणून वेलीचे डोळे उशिरा फुटतात आणि उशिराच्या दहिवरातून, म्हणजे गोठलेल्या दवातून, वाचतात. तरी कलमाचा जोड गोठू नये म्हणून हे लोक दर हिवाळ्याआधी बुंध्यावर मातीची भर चढवतात आणि वसंतात परत काढतात. निफाडचा पारा चार-पाचवर आला की आण्णा रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसायचे, मणी तडकू नयेत म्हणून, ते मला तिथं उभ्या उभ्या आठवलं.

युरोपातली द्राक्षं इथे जगणार नाहीत असंच आधी सगळे म्हणायचे. मग 1951 साली युक्रेनहून कॉन्स्टंटिन फ्रँक नावाचा माणूस आला, म्हणाला की थंडी सोसणाऱ्या खुंटावर कलम करा, जगतील. आपल्याकडे डॉगरिजच्या खुंटावर करतात तसंच की! 1962 मध्ये त्याने शेजारच्या क्यूका तळ्यावर स्वतःची वायनरी काढली आणि करून दाखवलं.

आता वाइनचं. मी मार्क देतो ते कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या जुन्या 20 मार्कांच्या पद्धतीने, रंग, वास, आंबटपणा, गोडी, तुरटपणा सगळं सुटं सुटं बघायचं. पहिली आली ड्राय, म्हणजे गोडी नसलेली, रिस्लिंग या पांढऱ्या द्राक्षाची 2022 च्या तोडणीची वाइन. वास सुंदर, हिरवं सफरचंद, लिंबाची साल, पावसात भिजलेला दगड असतो ना तसं काहीतरी, पण घोट घेतला आणि दात आंबले. खरंच आंबले. मी 13 दिले आणि वहीत लिहिलं, "फार आंबट". मालकीणबाईंनी वहीत डोकावून बघितलं, काही बोलल्या नाहीत, फक्त एवढंच म्हणाल्या की एक बाटली घरी न्या आणि उद्या जेवताना उघडा.

दुसऱ्या दिवशी उघडली, तू पाठवलेला चिवडा होता आणि हिने कोथिंबीर वडी तळली होती. अरे, तीच वाइन! तो आंबटपणा तळणाचा तेलकटपणा एका घोटात धुऊन काढतो आणि तोंडाला परत पाणी सुटतं, परत वडी, परत घोट, आणि मग मागून हळूच पीच येतं जे आदल्या दिवशी मला कळलंच नव्हतं. मी 13 खोडून साडेसोळा केले. तेव्हापासून माझं पक्कं झालंय, अशा वाइनला नुसत्या घोटावर मार्क द्यायचेच नाहीत, तिच्यासोबत जेवायचं आणि मग द्यायचे.

आपण लहानपणापासून काय ऐकलं, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) किती आला, साखर उतरली का. इथे साखरेइतकीच काळजी आम्लाची. रात्री उबदार असल्या की मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडतं, गार रात्रींत ते टिकतं. रिस्लिंग तर ऑक्टोबरपर्यंत वेलीवर असते, तिचा कणाच तो आंबटपणा. त्यांची सेमी-ड्राय होती तिच्यात गोडी बऱ्यापैकी आहे, पण आम्लामुळे चिकट लागत नाही, मिसळीबरोबर झकास जाईल, तिला 16.

लाल वाइन झटपट सांगतो. काबरने फ्रांकला ढोबळ्या मिरचीचा वास, थंड प्रदेशात येतोच तो, मला जरा जास्त वाटला, 14. ब्लाउफ्रँकिश मात्र मस्त, जांभळासारखी, वर काळी मिरी, 15.5.

मग त्यांनी आतून 2016 ची रिस्लिंग आणली. ते साल इथे कोरडं आणि गरम गेलं होतं. ग्लास नाकाशी नेला आणि थेट रॉकेल! आजीच्या स्टोव्हची आठवण झाली. मण्यांवर ऊन जास्त पडलं की तो वास पुढे मुरताना वाढतो म्हणे, आणि त्याच्याखाली मध, संत्र्याची साल. 18 दिले, याहून जास्त मी आजवर कुठल्याच पांढऱ्या वाइनला दिलेले नाहीत.

पण जीव अडकला तो 2023 च्या रिस्लिंगमध्ये. त्या वर्षी 18 मे ला दहिवर पडलं, फुटलेले कोंब एका रात्रीत काळे. तळ्यापासून लांबच्या, वरच्या बागांचं फार नुकसान झालं. यांची वरची रांगच्या रांग गेली, काठाजवळची वाचली, तेवढ्याच घडांची ही वाइन. सांगताना मालकांचा चेहरा अगदी गारपिटीनंतरच्या आण्णांसारखा झाला होता रे. वाइन बारीक अंगाची आहे पण स्वच्छ, लांबपर्यंत जिभेवर राहते. 17. त्या रात्रीबद्दल कळायच्या आधीच 17 लिहिले होते, ते तसेच ठेवलेत.

जानेवारीत येतोय. दोन लिटरपर्यंत आणता येते म्हणून दोनच बाटल्या, एक 2022, एक 2023. तुमची तोडणी चालू असेल तेव्हा, एखाद्या संध्याकाळी मळ्यातच बसू, काकूंना भजी करायला सांग. आणि आण्णांना साल आधी सांगू नको, त्यांना नुसती चाखू दे, दहिवराची कुठली ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय.

तुझाच